काठी म्हणालात त्याबद्दल

मेहरूण, जळगाव
२२ एप्रिल

ती. स्व. रुपचंदमामा यांच्या चरणी,

भाची पुनमचा साष्टांग नमस्कार. (उजवा खांदा जमिनीला टेकत नाही, त्यामुळे नमस्कार डाव्या अंगावर झाला आहे. तो पूर्ण धरावा.) तुमची साखर, मामींचे गुडघे आणि तुमच्या मयुरीच्या लग्नाची खरेदी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. धुळ्यात हल्ली पाणी कितव्या दिवशी येतं तेही कळवा. आमच्याकडे ऊन पंचेचाळिसावर गेलंय आणि नळाला दुपारीसुद्धा अंघोळीचं कढत पाणी येतं, एवढीच सोय. तुमचा जावई नवीन बरा आहे. मी बरी नाही, मी चिडलेली आहे. हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही फोन उचलता, माझा आवाज ऐकता आणि “घे, पुनमना फोन शे” म्हणून मामींच्या हातात देता. मग मामी मला कैऱ्या कुठून घेतल्या ते विचारतात आणि माझा राग निवतो. यावेळी मला तो निवू द्यायचा नाही, म्हणून पत्र. मामींचा चष्मा दुरुस्तीला गेलाय हे मला ठाऊक आहे, तेव्हा वाचायचं काम तुम्हालाच करावं लागेल.

पाडव्याला तुमच्या घरी वीस माणसं जेवायला होती. मी खांदा चोळत होते, कोणीतरी विचारलं, आणि मी सांगितलं की आता कॅमेऱ्याला मोनोपॉड, म्हणजे तो एका पायाचा स्टँड, घेणार आहे. त्यावर तुम्ही श्रीखंडाची वाटी खाली ठेवलीत (एरवी तुम्ही ती ठेवत नाही) आणि म्हणालात, काठी टेकून फोटो काढायची वेळ आली की माणसाने कॅमेरा पेटीत ठेवावा. सगळे हसले. नवीनही हसला, त्याचं मी वेगळं बघितलं. मीही हसले, कारण तोंडात पुरी होती. पण मामा, माझा कॅमेरा, त्याची ती लांब लेन्स, फ्लॅश आणि जोडबॅटरी असं सगळं मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवून बघितलंय. साडेतीन किलो भरलं. दुकानदार म्हणाला, ताई, एवढ्यात आठवड्याचे कांदे झाले असते. हे साडेतीन किलो मी हळदीपासून बिदाईपर्यंत नऊ-नऊ तास डोळ्यासमोर धरते. तुम्ही मला शिकवलंत तेव्हा तुमच्या हातातला कॅमेरा याच्या निम्म्यानेही नव्हता, आणि रोलमध्ये छत्तीसच फोटो असल्यामुळे तुम्ही मधूनमधून बसून चहा तरी प्यायचात. डॉक्टरांनी मला सहा आठवडे हात वर करू नका असं सांगितलं. मी डॉक्टरांनाच विचारलं, मग सव्वीस तारखेला तुमच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो कोण काढणार? त्यांनी गोळ्या बदलून दिल्या.

तर पहिला मोनोपॉड मी घरबसल्या मागवला. फोटोत तो काळाभोर, विणलेल्या कापडासारख्या नक्षीचा, कार्बन फायबरचा आणि पंधरा किलो पेलणारा होता. घरी आला तेव्हाही दिसायला तसाच होता. एवढंच की तो पाच तुकड्यांचा होता, एकातून एक निघणारा, आणि शेवटचा तुकडा माझ्या करंगळीएवढा. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण अमळनेरजवळच्या एका खेड्यात दुसऱ्याच दिवशी लग्न होतं, हिलालआबा पाटलांच्या धाकट्या मुलीचं, आणि माझा खांदा त्या सकाळी चहाचा कप उचलायलाही कुरकुरत होता. मी तो मोनोपॉड घेऊन गेले. अंतरपाट दूर झाला, माळा घालायची वेळ आली, मी व्हिडिओ सुरू केला आणि डोळा लावून उभी राहिले. दोन मिनिटांनी मला वाटलं की आपण थकलोय, कारण माझे गुडघे वाकत चालले होते. गुडघे थकून वाकत नव्हते, मामा. कॅमेरा खाली चालला होता आणि मी त्याच्या मागोमाग चालले होते. खालून एकेका तुकड्याचं लॉक वजनाने घसरत होतं, इतक्या हळू की कळू नये आणि इतक्या नेटाने की थांबू नये.

तो व्हिडिओ हिलालआबांनी आठ दिवसांनी त्यांच्या ओट्यावर टीव्ही आणून गावाला दाखवला. मीही हजर होते. सुरुवातीला नवरानवरीचे चेहरे, मग माळा, मग पोटं, मग नवरीच्या शालूचा काठ आणि शेवटचं दीड मिनिट नवरदेवाचे बूट. वर माळा घालण्याचा गलका ऐकू येतो, टाळ्या ऐकू येतात, आणि समोर बूट. हिलालआबांनी माझ्याकडे बघितलं नाही. टीव्हीकडे बघतच ते शांतपणे म्हणाले, “बेन, नवरदेव कोठे गया? बठ्ठा बूटच दखाई राहिनात.” ओट्यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांची बायको आत निघून गेली. मुलगी सासरी गेली, तो क्षण एकदाच येतो, आणि माझ्याकडे त्यातले बूट आहेत. फोटो होते म्हणून मी अल्बम नीट करून दिला, पण हिलालआबांनी माझ्या हातून तो घेताना फक्त मान हलवली. त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं (हे मामींना वाचून दाखवू नका) आणि अमळनेर ते जळगाव मी तो मोनोपॉड मांडीवर आडवा धरून त्याच्यावरचं ‘कार्बन’ नखाने खरवडत होते. ते निघालं. पापुद्र्यासारखं निघालं. आत साधं पांढरं ॲल्युमिनियम.

मग मी ठरवलं की आता वस्तू हातात घेऊनच घ्यायची. इथल्याच एका दुकानात गेले. नवीनला बरोबर नेलं, ही माझी चूक. नवीन पाइपच्या कंपनीत तपासनीस आहे हे तुम्हाला माहीत आहे. दिवसभर पाइपची जाडी मोजणारा माणूस रविवारी नळ्यांच्या दुकानात नेऊ नये. पण त्याहून मोठा त्रास दुकानदाराचा. हितेंद्रशेठ नाव. मी विचारत होते आणि ते नवीनला उत्तर देत होते. मी म्हणाले, साडेतीन किलो वजन आहे, त्याच्या निदान दुप्पट पेलणारा दाखवा. ते नवीनला म्हणाले, साहेब, कितीपर्यंत बघू? मी म्हणाले, तुकडे कमी असलेला हवा, तीनचा असेल तर उत्तम, जितके जोड कमी तितकी डळमळ कमी. ते नवीनला म्हणाले, साहेब, मॅडमसाठी हा बघा, हलका आहे, लेडीजला झेपेल, गुलाबी रंगाची पिशवी फुकट. नवीन बिचारा प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवत होता आणि हितेंद्रशेठ त्या बोटाला मान देऊन पुन्हा त्याच्याकडेच वळत होते.

शेवटी मी तो हलका मोनोपॉड हातात घेतला, पूर्ण उघडला, लॉक आवळली, माथ्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि सगळा भार टाकला. मोनोपॉड पारखायची ही पद्धत मला तोवर फक्त वाचून माहीत होती. कॅमेऱ्याचं वजन पेलतो का ते दुकानात कळत नाही, स्वतःचं वजन टाकलं की कळतं. माझं वजन चौसष्ट आहे. मोनोपॉडने त्यातलं पहिल्या क्षणाला काहीच घेतलं नाही आणि दुसऱ्या क्षणाला तो दुर्बिणीसारखा मिटला. मी पुढे गेले आणि काचेच्या कपाटाला कपाळ लागलं. काच फुटली नाही, ती चांगल्या प्रतीची होती. दुकानात तीच एक. हितेंद्रशेठ धावत आले आणि त्यांनी नवीनला विचारलं, साहेब, मॅडमला लागलं का?

इतक्यात तुमच्या जावयाने खिशातून मोजपट्टी काढली, ती जबड्यासारखी उघडणारी, आणि नळीच्या तोंडाला लावली. (रविवारी ती खिशात का असते हे मी विचारणं सोडून दिलंय.) मग त्याने नखाने नळीची कड खरवडली आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाला, “शेठ, हा कार्बन नाही. ॲल्युमिनियमवर छापील कागद गुंडाळलाय. आणि नळीची भिंत सगळीकडे सारखी जाडही नाही. आमच्याकडे असा पाइप परत पाठवतात.” हितेंद्रशेठ म्हणाले, साहेब, दिसायला सेम आहे. यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही मला लहानपणी जिथे-तिथे बरोबर नेलंत, शेतात, बाजारात, वरातीत, त्यामुळे माझा शब्दसंग्रह चांगला आहे. त्या दिवशी हितेंद्रशेठ पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. ते म्हणाले, ताई, दुकान बंद करायची वेळ झाली. दुपारचे बारा वाजले होते.

यानंतर मी कुठे गेले ते ऐकून तुम्ही पत्र खाली ठेवाल, पण ठेवू नका. मी धुळ्याला धनसिंगभाऊंकडे गेले. हो, तेच, तुमचे एके काळचे भागीदार. त्यांनी तुमचा फोटो स्वतःच्या नावाने छापू दिला आणि तेव्हापासून अकरा वर्षं तुम्ही त्यांच्या गल्लीतून जात नाही, दूध आणायलासुद्धा वळसा घालून जाता. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होते मी आणि तुमच्याकडे आले नाही, हाही राग धरा. पण आख्ख्या खानदेशात मोठी लेन्स एका पायावर उभी करून पक्षी टिपणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. ते आता सत्तरीचे आहेत. लग्नं सोडली, पाणवठ्यावर जाऊन बसतात आणि जुनं सामान पारखून विकतात.

धनसिंगभाऊंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दोन नळ्या अंगणात उन्हात नेऊन ठेवल्या, एक ॲल्युमिनियमची, एक कार्बनची. मग गप्पा मारत बसले. अर्ध्या तासाने म्हणाले, जा, दोन्ही उचलून आण. ॲल्युमिनियमची मी हातातून टाकलीच, तवा उचलल्यासारखी. कार्बनची नुसती कोमट होती. ते म्हणाले, “हलकेपणाचं सगळे सांगतात. हे कोणी सांगत नाही, कारण विकणारे पंख्याखाली बसलेले असतात.” मग त्यांनी जाड नळीचा, तीन तुकड्यांचा मोनोपॉड उघडला, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले आणि पाय उचलून लोंबकळले. सत्तर वर्षांचा माणूस, धोतर-सदऱ्यात, अंगणाच्या मधोमध एका नळीवर. नळी जागची हलली नाही. घरातून त्यांची सून येऊन उंबऱ्यात थांबली, तिने बघितलं आणि आत गेली, म्हणजे हे रोजचंच असावं. त्यांनी मला लॉक किती आवळायचं ते दाखवलं, माती गेली तर कसं पुसायचं ते दाखवलं, पट्टा मनगटात न अडकवता मुठीभोवती कसा घ्यायचा ते दाखवलं. तुमची चौकशी केली नाही. निघताना फक्त म्हणाले की रुपचंदकडे शिकलेली पोर आहे हे पकडीवरून कळतं. हे मी तुम्हाला मुद्दाम कळवतेय, कारण अकरा वर्षांत तुम्ही त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द काढलेला मी ऐकला नाही.

तो मोनोपॉड घेऊन परवा सकाळी मेहरूण तलावावर सरावाला गेले. लांब लेन्स लावून काठावर उभी राहिले आणि समोरच्या टपऱ्यांवर नेम धरला. पाच मिनिटांत चहावाल्याने टपरीपुढचं पत्र्याचं छप्पर काढलं. नारळवाल्याने गाडी चार हात मागे घेतली. भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बेबाबाई पाटी तिथेच ठेवून सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मोज. पण मी हलणार नाही. मागच्या वेळीही तुम्ही अतिक्रमणवाले काठ्या घेऊनच आला होता.” मी म्हणाले, अहो, मी लग्नाचे फोटो काढते. त्या म्हणाल्या, कोणाचं लग्न आहे इथे? पंधरा मिनिटं मी त्यांना कॅमेऱ्यातले फोटो दाखवत होते आणि मागे सकाळचे फिरणारे जमून अतिक्रमणाबद्दल आपापलं मत देत होते. अखेर बेबाबाईंनी मोनोपॉड हातात घेतला, जमिनीवर दोनदा आपटला, त्याच्यावर हनुवटी टेकवून भार टाकून बघितला आणि म्हणाल्या की हा महापालिकेचा नाही, त्यांचा इतका चांगला नसतो. मग त्यांनी त्यांचा फोटो काढून घेतला. चांगला आलाय. चहावाल्याचं छप्पर मात्र परत लावायला मलाच एक बाजू धरावी लागली, दुखऱ्या खांद्याने.

असं सगळं झालंय, मामा. बूट झाले, कपाळ झालं, छप्पर झालं. आणि हे सगळं होत असताना माझ्या कानात तुमचं ते पाडव्याचं वाक्य होतं. मला बाकी कोणाचं काही वाटत नाही. हितेंद्रशेठ परके आहेत, हिलालआबांचा राग रास्त आहे. पण कॅमेरा माझ्या हातात तुम्ही दिलात, मी दहावी नापास झाले तेव्हा दिलात, कोपरं बरगडीला टेकव आणि श्वास सोडून बटण दाब असं सांगून दिलात, आणि त्याच तोंडाने वीस माणसांत म्हणालात की तो पेटीत ठेव. मयुरीच्या लग्नाला तीच वीस माणसं येतील. तुम्ही त्यांच्यासमोर हे वाक्य मागे घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मोठ्याने घ्यावं.

मामींना नमस्कार, मयुरीला आशीर्वाद. साखर सांभाळा, आंबे आलेत म्हणून सुटू नका.

तुमचीच, पण सध्या फार नाही,
पुनम

ता. क. धनसिंगभाऊंकडून मी एक नाही, दोन मोनोपॉड घेतले. दुसरा कोणासाठी हे त्यांनी विचारलं नाही. पण त्याचं झिजलेलं रबरी बूड त्यांनी स्वतः बसून बदललं, आणि बदलायला त्यांना बराच वेळ लागला.

आणखी ता. क. मार्गशीर्षात आपल्या कुंदनच्या मुलाच्या बारशाला तुम्ही माझा कॅमेरा घेऊन चाळीस-एक फोटो काढलेत, मग स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून एक-एक पुसून टाकलेत आणि बॅटरी गेली म्हणून सांगितलंत. ती बॅटरी मीच सकाळी भरली होती. तेव्हापासून तुम्ही कॅमेऱ्याला हात लावलेला नाही आणि चहा बशीत ओतून पिता. मी कोणाला बोलले नाही. पण गेल्या सोमवारी मी पाण्याचे दोन मोठे जार दोन्ही हातांनी तिसऱ्या मजल्यावर नेले, खाली आणले, पुन्हा नेले, जोवर माझे हात आपोआप कापायला लागले तोवर. (खांद्याचं आता काय ते समजा.) मग त्या हातांनी मोनोपॉडवरून बावीस फोटो काढले. एकोणीस काचेसारखे आले. थरथर जात नाही, मामा. पण वजन खाली गेलं की हाताला फक्त दिशा दाखवायचं काम उरतं, आणि दिशा तुम्हाला अजून माझ्यापेक्षा चांगली कळते.

तिसरं ता. क. मयुरीने मला कळवलंय की हळदीचे फोटो पप्पा काढणार असतील तरच काढायचे, नाहीतर त्या दिवशी कॅमेरा नकोच. लग्नाच्या दिवशी तुम्ही बोहल्याजवळ असणार, तो दिवस माझा. हळद तुमची. ही विनंती नाही. मी पत्रिकेतल्या कार्यक्रमांप्रमाणे कामं वाटून टाकली आहेत.

शेवटचं. दुसरा मोनोपॉड पंधरा दिवसांपासून तुमच्याच घरात आहे, गोदरेजच्या कपाटामागे, मामींनी त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी येऊन माझ्याकडून घेतला आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय. तो तुमच्या उंचीचाच आहे. तुम्ही दुपारचे झोपलात तेव्हा मामींनी शिवणाच्या टेपने टाचेपासून डोळ्यापर्यंत माप घेऊन मला कळवलं होतं. मधेच तुम्ही जागे झालात आणि काय मोजतेस विचारलंत, तेव्हा त्यांना हळदीसाठी कुर्ता शिवायचाय असं सांगावं लागलं. त्यामुळे आता कुर्ताही शिवायला टाकलाय. पिवळा आहे. तुम्हाला पिवळा आवडत नाही हे आम्हा दोघींना माहीत आहे.